आठ पाकळ्यांची चांदणी आणि अर्ध्या सुताची चूक

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोधडीबद्दल आहेत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून शिवली जाणारी, 'लोन स्टार' किंवा 'स्टार ऑफ बेथलेहेम' नावाने ओळखली जाणारी आठ टोकांची चांदणी. तिथल्या लाकोटा या मूळनिवासी लोकांत अशी चांदणीची गोधडी मानाने कुणाच्या खांद्यावर पांघरली जाते. उत्तरांमध्ये सगळीकडे एकच माप धरलं आहे. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, त्यांतून शंकरपाळीच्या आकाराचे तुकडे काढायचे, पाच ओळी गुणिले पाच अशा २५ शंकरपाळ्यांची एक मोठी पाकळी करायची आणि अशा आठ पाकळ्या मध्यभागी जोडायच्या. एकूण २०० शंकरपाळ्या होतात आणि कोपरे भरून झाल्यावर साधारण ४८ इंचांचा चौरस मिळतो.

ब्लाउज, परकर, पिशव्या शिवता येतात. साध्या चौकोनी ठिगळांच्या दोन गोधड्याही झाल्या आहेत. हात सुधारण्यासाठी चांदणी घेऊ का? कापड किती लागेल? (एक वाचक, कोल्हापूर)

घ्या. चौकोनी ठिगळांच्या गोधडीत चूक लपते, कारण कापड सरळ धाग्यावर असतं, थोडं ओढून-चेपून जुळवून घेता येतं. चांदणीत प्रत्येक तुकड्याच्या दोन कडा उरेब, म्हणजे तिरप्या असतात. त्या ओढल्या की ताणल्या जातात आणि पुन्हा जागेवर येत नाहीत. त्यामुळे मोजणं, कापणं, टीप आणि इस्त्री या चारांपैकी कुठे ढिलाई आहे ते ही गोधडी लगेच दाखवते. ब्लाउजला बाहीत थोडी चूक झाली तरी काखेत जिरवता येते. इथे जिरवायला जागाच नाही.

कापडाचा हिशेब असा. पाकळीच्या आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत रंगांच्या नऊ ओळी दिसतात आणि त्यांना अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ४, ३, २, १ पट्ट्या लागतात. एकूण २५. पट्टी ४४ इंच पन्ह्याच्या कापडाची पूर्ण रुंदीभर घ्यायची. म्हणजे मधल्या, पाचव्या रंगाला साडेबारा इंच कापड, चौथ्या आणि सहाव्याला प्रत्येकी १०, आणि अगदी टोकांच्या रंगांना अडीच-अडीच. दुकानात पाचव्या रंगाचं ४० सेंटिमीटर आणि शेजारच्या दोन रंगांचं ३०-३० सेंटिमीटर मागा. कापताना वाकडं गेलं तर हाताशी असावं. भोवतीच्या पार्श्वभूमीला दीड मीटर. ३६ इंची पन्हा घेऊ नका. पाच पट्ट्या एकमेकींना शिवून केलेल्या एका जोडपट्टीतून आठ तिरप्या ओळी (प्रत्येक पाकळीला एक) काढायला २८ इंचांच्या वर लांबी लागते, शिवाय दोन्ही टोकांना तिरपा कचरा निघतो. ३६ इंचांत ते सगळं बसेलच असं नाही आणि एखादी ओळ फुकट गेली तर दुसरी निघत नाही.

कापड सुती, एकाच जाडीचं. पॉपलीन, केंब्रिक चालेल. मलमल नको, ती टिपेखाली पळते. कापण्याआधी धुऊन, दाट खळ देऊन, इस्त्री करून कडक करून घ्या. खळ दिलेली उरेब कड निम्म्यानेही ताणत नाही. मात्र खळीचं कापड महिनोन्महिने तसंच कपाटात ठेवू नका, कसर लागते. गोधडी पुरी झाली की धुऊन टाका.

पाकळ्या तयार झाल्या, पण एकसारख्या नाहीत. एकीची बाजू १४ इंच भरते, दुसरीची साडेचौदाच्या वर. पट्ट्या तर मी अडीच इंचच कापल्या होत्या. (एक वाचक, नाशिक)

कापण्यात चूक नसेल तर ती टिपेत आहे. माया, म्हणजे टिपेपासून कडेपर्यंत राखलेलं कापड, पाव इंचाची, म्हणजे दोन सूत. इंचाचे आठ सूत धरले तर अर्ध्या सुताची चूक डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण माया अर्धा सूत जास्त गेली की ती दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून जाते, म्हणजे प्रत्येक शिवणीला एक सूत. पाच पट्ट्यांत चार शिवणी: चार सूत, म्हणजे अर्धा इंच गेला. पाच पट्ट्यांची जोडपट्टी इस्त्री केल्यावर कच्च्या कडेपासून कच्च्या कडेपर्यंत बरोबर साडेदहा इंच भरायला हवी. तुमची १० भरत असेल तर चोर सापडला.

आणखी एक बारीक गोष्ट. शिवण एका बाजूला दाबली की घडीच्या जाडीत दोन-चार धागे जातात. म्हणून माया पाव इंचाला किंचित कमीच धरायची असते. ती किती कमी, हे तुमच्या कापडावर आणि दोऱ्यावर ठरतं. चाचणी सोपी: अडीच इंचाच्या तीन छोट्या पट्ट्या जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. बरोबर दोन इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया कमी करा, जास्त भरली तर वाढवा. हे जमल्याशिवाय खऱ्या कापडाला हात लावू नका.

आपल्याकडच्या पायमशीनला कापड दाबणारा जो नेहमीचा पाय असतो, त्याची कड सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही. तिच्यावर विसंबू नका. सुईच्या उजवीकडे मोजून मास्किंग टेपचे पाच-सहा थर एकावर एक चिकटवा, म्हणजे कापड टेकून चालायला उंबरठा मिळतो. टाका बारीक ठेवा, इंचाला १२ च्या आसपास. तिरपं कापल्यावर टिपेची टोकं उसवत नाहीत. सुई ११ नंबरची.

आता तुमच्या पाकळ्या. सगळ्याच्या सगळ्या आठ १४ इंचांच्या असत्या तर काही बिघडलं नव्हतं. आदर्श हिशेबाने बाजू १४.१४ इंच येते, पण पार्श्वभूमीचे तुकडे तुम्ही प्रत्यक्ष मापावरून कापणार आहात. घोटाळा असमानतेचा आहे. ती बहुधा तीन कारणांनी येते. काही शिवणी एका दिवशी, काही दुसऱ्या दिवशी, आणि मध्ये टेप किंवा पाय हलला. किंवा शेवटच्या इंचात कापड डावीकडे वळलं, त्यामुळे माया तिथे घटली. किंवा इस्त्री ओढत फिरवली. इस्त्री उचलून ठेवायची असते, परीट फिरवतो तशी फिरवायची नाही. पट्ट्या जोडताना एक शिवण वरून खाली आणि पुढची खालून वर घ्या. मशीनचे दाते खालचा थर जास्त ओढतात, सगळ्या शिवणी एकाच दिशेने घेतल्या की जोडपट्टी धनुष्यासारखी वाकते.

साडेचौदाच्या वर गेलेल्या पाकळ्या उसवून बघा: बहुतेक वेळा एक-दोन शिवणींची माया कमी गेलेली असते. तेवढ्याच शिवणी पुन्हा घ्या. पूर्ण पाकळी मोडू नका.

शंकरपाळ्यांच्या ओळी जोडताना टोकं जुळत नाहीत. टाचणी लावताना तर बरोबर जुळलेली दिसतात. (एक वाचक, बेळगाव)

टाचणी चुकीच्या जागी लागते आहे. चौकोनात दोन शिवणी कापडाच्या कडेवरच एकमेकींना भेटतात, म्हणून कडा जुळल्या की काम झालं. तिरप्या ओळींत त्या कडेवर भेटत नाहीत, कडेपासून पाव इंच आत, म्हणजे जिथे टीप जाणार तिथे भेटतात. कडेवर त्या जुळलेल्या दिसल्या तर उलगडल्यावर हमखास चुकतात.

दोन्ही ओळींच्या उलट्या बाजूला, प्रत्येक शिवणीवर, कडेपासून पाव इंचावर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघ द्या. ती रेघ आणि शिवण जिथे छेदतात त्या बिंदूतून टाचणी सरळ उभी खुपसा, दुसऱ्या ओळीच्या तशाच बिंदूतून काढा. ती तशीच उभी ठेवून दोन्ही बाजूंना दोन टाचण्या लावा आणि मग उभी काढून घ्या. उभी टाचणी आडवी करून लावली की तीच दोन धागे सरकवते. ओळीच्या दोन्ही टोकांना एका बाजूचा कान, म्हणजे त्रिकोणी टोक, बाहेर डोकावतो, तो पाव इंच बाहेर यायलाच हवा. तो कापून सरळ करायचा मोह आवरा.

ओळी कापतानाही मोजपट्टीवरची ४५ अंशांची रेघ नेहमी शिवणीवर टेकवा, कापलेल्या कडेवर नव्हे. दर दोन-तीन ओळींनी कोन पुन्हा तपासा आणि सरकला असेल तर एक बारीक पाचर काढून कड सरळ करा.

आठ पाकळ्या जोडल्या आणि मधोमध टेकडी उभी राहिली आहे. शिवाय मध्यबिंदूला छोटं भोक आहे. इस्त्रीने बसत नाही. (एक वाचक, ठाणे)

बसणार नाही. आठ कोन ४५ अंशांचे, बेरीज ३६०. बेरीज कमी भरली तर कापडाचा शंकू होतो, म्हणजे तुमची टेकडी. जास्त भरली तर मध्य सपाट राहतो आणि बाहेरच्या कडा झालरीसारख्या लाटा मारतात. लक्षणावरूनच निदान होतं: टेकडी म्हणजे कोन कमी, झालर म्हणजे कोन जास्त.

चूक किती लहान असते ते पाहा. एका पाकळीत एका अंशाचा फरक पडला तर १४ इंच अंतरावर तो पाव इंच होतो. आठ पाकळ्यांत मिळून दोन इंच. कोन कापताना कमी पडला असेल, किंवा पाकळ्या जोडताना माया मध्यापाशी पाव इंच आणि बाहेर जाता जाता त्याहून जास्त झाली असेल. दुसरं कारणच जास्त आढळतं, कारण लांब शिवणीच्या शेवटी हात थकतो.

सपाट टेबलावर पसरून टेकडीची उंची मोजा. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर सोडून द्या. सुती थर घालून दाट धावदोरा घातला की ती त्यात जिरते. त्याहून जास्त असेल तर आधी मायेच्या कडा मोजा. बाहेरच्या टोकाकडे माया अडीच-तीन सूत झालेली असेल तर त्या शिवणी बाहेरून अर्ध्यापर्यंत उसवून दोन सुतांवर आणा. माया सगळीकडे बरोबर असेल आणि कोनच कमी असेल, तर बाहेरच्या टोकाला माया दोनाऐवजी दीड सूत करत आणता येते. आठही शिवणींत मिळून एक इंच सुटतो. एक सुतापर्यंत खाली जाऊ नका, धुताना शिवण निसटते. आणि एकाच शिवणीतून सगळी भरपाई काढू नका, तिथे चांदणी लंगडी दिसते.

भोकाचं कारण वेगळं. शेवटची लांब शिवण, दोन अर्ध्या चांदण्या जोडणारी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात घेतली की मध्यापाशी सोळा थरांचा गठ्ठा पायाखाली अडतो आणि कापड सरकतं. त्याऐवजी दोन-दोन पाकळ्या जोडून पाव चांदणी, दोन पाव जोडून अर्धी असं करा. अर्ध्या जोडताना दोन्ही टोकांच्या नेमक्या बिंदूंतून एक टाचणी आरपार घाला, आधी मध्यावरचे दोन-तीन इंच फक्त लांब टाक्यांनी जोडून उलटून बघा. आठही टोकं भेटली असतील तरच बारीक टीप मारा, मध्यापासून बाहेर, एकदा इकडे आणि एकदा तिकडे. त्या जागी सुई १४ नंबरची लावा आणि चाक हाताने फिरवा. सगळ्या माया घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवा. मध्यावरचे दोन-चार टाके सैल केले की गठ्ठा भोवऱ्यासारखा उलगडून सपाट बसतो.

हे उसवण्याआधी एक तपासा: सगळ्या पाकळ्या एकाच क्रमाने जोडल्या आहेत ना? प्रत्येक पाकळीच्या दोन बाजू सरळ धाग्यावर असतात, दोन उरेब. नीट मांडल्या की प्रत्येक शिवणीत एक सरळ आणि एक उरेब येते. उरेब बाजू खाली ठेवून टीप मारा, मशीनचे दाते तिची वाढ खाऊन टाकतात. एखादी पाकळी उलटी बसली तर कुठेतरी उरेब आणि उरेब शेजारी येतात आणि ती शिवण हमखास ताणते.

अकरा ठिकाणी टोकं किंचित चुकली आहेत. सगळी उसवू? (एक वाचक, पुणे)

नाही. मध्य आणि त्याभोवतीचं पहिलं कडं चुकलं असेल तर उसवा, नजर आधी तिथेच जाते. बाकीच्या ठिकाणी हातभर अंतरावरून बघा. शेजारचे रंग जवळचे असतील तर एक सूत चूकही दिसत नाही. पांढऱ्याशेजारी काळा असेल तर अर्धा सूतही बोचतो. जिथे बोचतो तिथेच, त्या जागेच्या दोन्ही बाजूंना इंचभर उसवून पुन्हा टाका. उसवताना दर चौथा टाका कापा आणि उलट बाजूने दोरा ओढून घ्या. एकच उरेब कड तीनदा उसवली की ती लांबते, मग ती शंकरपाळी बदलणं स्वस्त पडतं.

कोपऱ्यांत चौकोन आणि बाजूंना त्रिकोण बसवताना आतल्या कोपऱ्यात चुणी पडते. मशीनने जमतच नाही. (एक वाचक, इचलकरंजी)

सगळ्यात अवघड भाग हाच आहे. आतला कोपरा तीन कापडांचा असतो, त्यामुळे टीप तीन वेळा त्याच बिंदूवर येऊन थांबावी लागते. एक टाका पुढे गेला तर चुणी, एक अलीकडे थांबला तर भोक.

आधी मापं. चार चौकोन हवेत, प्रत्येकाची बाजू पाकळीच्या शिवलेल्या बाजूइतकी अधिक अर्धा इंच. आदर्श मापाने १४ पूर्णांक पाच सूत. तुमच्या चार पाकळ्या मोजून सरासरी घ्या आणि त्यावरून कापा. त्रिकोणांसाठी सव्वाएकवीस इंचांचा एकच चौरस कापून दोन्ही कर्णांवर चार भाग करा. असं कापलं की गोधडीच्या बाहेरच्या कडेला त्रिकोणाचा सरळ धागा येतो. दोन चौरस एकेका कर्णावर कापून त्रिकोण काढले तर बाहेर उरेब येते आणि पूर्ण गोधडीची कड लाटा मारते. या एका चुकीने किती चांगल्या चांदण्या बिघडतात!

प्रत्येक पाकळीच्या बाहेरच्या आणि आतल्या कोपऱ्यांत, उलट्या बाजूला, दोन्ही कडांपासून पाव इंचावर बिंदू काढा. पाकळ्या एकमेकींना जोडतानाच बाहेरच्या बाजूला या बिंदूवर थांबायचं, मायेत टीप न्यायची नाही. हे तेव्हा केलं नसेल तर आता तेवढे दोन टाके उसवा. मग चौकोनाची एक बाजू पाकळीला टाचा, टीप आतल्या बिंदूपासून सुरू करून बाहेर न्या. गोधडी वळवा, माया बाजूला करा, दुसरी बाजू तशीच, पुन्हा आतल्या बिंदूपासून बाहेर. दोन्ही वेळा सुरुवातीला दोन उलटे टाके पुरे.

तरीही चुणी पडत असेल तर हे आठ कोपरे हाताने शिवा. इंचाला दहा-बारा टाक्यांचा धावदोरा बिंदूवर हवा तिथे थांबतो, माया सुईखालून सहज पलीकडे जाते. ज्यांनी आईबरोबर बसून गोधडीला दोरा घातला आहे, त्यांना हा भाग मशीनवाल्यांपेक्षा सोपा जातो.

आजीची सुती नऊवारी पातळं आहेत. त्यांच्याच शंकरपाळ्या केल्या तर? (एक वाचक, सोलापूर)

पातळाचा कापडी जीव आधी पाहा. दोन्ही हातांत धरून उभं-आडवं झटकन ओढा. फाटलं किंवा धागे विरळ झाले तर ते आतल्या थराला ठेवा, तिथे ते उत्तम काम देतं. टिकलं तर पदराकडचा आणि निऱ्यांमधला भाग वापरा, बसण्याच्या जागेचा नको. जुनं आणि नवं कापड एकाच चांदणीत मिसळू नका; जाडी वेगळी म्हणून इस्त्रीखाली वेगळं वागतं. खणाची बुट्टी मोहात पाडते, पण तिरपं कापलं की त्याच्या कडा फार सुटतात.

रंग जातो का ते बघायला ओला तुकडा पांढऱ्या कापडावर ठेवून गरम इस्त्री दाबा. लाल आणि निळा हमखास तपासा. मिठाच्या पाण्यात भिजवून तयार कापडाचा रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे, पण तसं होत नाही. रंग सोडणारं कापड सुटं असताना पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर वगळा.

चांदणी सपाट झाली. आता गोधडीसारखी कडेकडून दोरा घालत आत आले तर चालेल ना? (एक वाचक, न्यू जर्सी)

चालणार नाही. ज्या गोधडीत ठिगळं जागच्या जागी दुमडून, कडेकडून आत शिवत नेतात, तिथे जादा कापड प्रत्येक घडीत जिरत जातं. तुमची चांदणी आधीच जोडून पक्की झाली आहे. कडेकडून आत आलात तर सगळी वाढ ढकलत मध्यावर आणून ठेवाल, म्हणजे इतक्या कष्टाने घालवलेली टेकडी परत. इथे मध्यापासून बाहेर जायचं.

अस्तर चारही बाजूंनी तीन-तीन इंच मोठं घ्या, जमिनीवर ताठ पसरून टेपने चिकटवा, पण ताणू नका. ताणलेलं अस्तर सोडलं की आकसतं आणि वर चुण्या येतात. त्यावर सुती थर किंवा पातळ वाडिंग (गोधडीत भरायचा मऊ थर), त्यावर चांदणी. मध्यापासून आठ दिशांना, मग त्यांच्या मधे, चार-चार इंचांवर कच्चे टाके घाला. धावदोरा आधी पाकळ्यांमधल्या आठ शिवणींलगत, मग मध्याच्या कड्यापासून कड्याकड्याने बाहेर, शिवणीपासून दोन सूत अंतर ठेवून. भोवतीच्या चौकोनांनाही तेवढाच दाट दोरा लागतो. चांदणी दाट आणि कोपरे मोकळे ठेवले तर कोपरे पिशवीसारखे सैल राहतात.

किनार उरेब पट्टीची हवी का? (एक वाचक, अकोला)

कड सरळ आहे, मग सरळ पट्टी पुरते. अडीच इंचांच्या सहा पट्ट्या तिरप्या जोडून लांबीला दुमडा. टीप बरोबर पाव इंचावर मारा. चांदणीची टोकं कडेपासून पाव इंचावरच आहेत, माया वाढली की टोकं किनारीखाली जातात. रुंद काठ लावून पलंगाएवढी करायची असेल तर काठाची लांबी कडेवर मोजू नका, गोधडीच्या मधोमध मोजा आणि कड त्या लांबीत बसवा.